रुबीनाचं बटण आणि सात जागचा नंबर

मी म्हणाले होते, हे बटण एक दिवस घात करणार. एकदा नाही, दहादा म्हणाले. स्वयंपाकघरात म्हणाले, दारात म्हणाले, नायगावच्या बहिणीला मुद्दाम फोन लावून म्हणाले. कुणी एकानं तरी ऐकावं? सून हसली. सुनेची मैत्रीण हसली. बहीण तर म्हणाली, "अक्का, तू कंप्युटरला हात लावतीस हेच मला पटंना, बटणाचं लांबच ऱ्हायलं."

आणि बघा, घात झाला. एका दिवसात अकरा डाळमिलींचे काटे बंद पडले. दारात तुरीच्या गाड्यांची रांग लागली. म्हणजे माझंच खरं झालं की नाही?

थांबा, लगेच मान डोलवू नका. चहा घ्या आधी. हे सांगताना मला अजून कानाच्या पाळ्या गरम लागतात. पण सांगणार. अर्धं सांगून अर्धं गिळायची मला सवय नाही.

आमचं घर लातूरला. मालक गेल्यावर मुलानं शेत बटईनं दिलं आणि मला गावाहून इथं आणलं. मुलगा स्वतः किनवटकडं आश्रमशाळेत मास्तर आहे, पंधरा दिवसांनी एकदा तोंड दाखवतो. घरात मी आणि माझी सून अश्विनी. समोरच्या खोलीत तिचं ऑफिस. ऑफिस म्हणजे काय, दोन टेबलं, दोन कंप्युटर आणि एकाच बाजूला वारा देणारा पंखा. दुसऱ्या टेबलावर रुबीना बसते. मूळची नांदेडची, अश्विनीबरोबर कॉलेजात शिकलेली.

ह्या दोघींनी डाळमिलींसाठी एक काम तयार केलंय. तुरीची गाडी काट्यावर चढली की वजन, ओल, लॉट, सगळं कंप्युटरमध्ये जातं आणि खट्टकन पावती बाहेर येते. लातूरच्या आणि आसपासच्या अकरा मिलींत हे काम चालतं. दर महिन्याला त्यात काहीतरी सुधारायचं निघतं. मग सुधारलेली नवी प्रत सगळ्या मिलींना पाठवायची. आणि प्रत्येक प्रतीला एक नंबर. चार टिंब सोळा, चार टिंब सतरा, असा. जनावराच्या कानाला बिल्ला असतो ना, तसा समजा. कोणत्या मिलीत कोणती प्रत आहे ते त्यावरून कळतं.

पण हा नंबर एका जागी असतो का? नाव नको! सात जागी असतो. उघडल्या उघडल्या पडद्यावर एक. पावतीच्या तळाला एक. मदतीच्या पानावर एक. आणि चार अशा फाइलींत, ज्या माणूस वाचत नाही, फक्त कंप्युटरच कंप्युटरला वाचून दाखवतो. सातही जागी हातानं बदलायचा. अश्विनी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही, पण ती सहा जागी बदलायची आणि सातवी विसरायची. दर वेळी! मग मिलीतून फोन.

"ताई, पडद्यावर सतरा हाय आन् पावतीवर सोळा. आम्ही कुठं हाव नेमकं?"

एकदा मी भाकरी थापता थापता हे ऐकलं. तशीच पिठाच्या हातानं आत गेले.

"उद्यापासून मी बसते शेजारी. तू बदल, मी टिक करते."

"आई, तुम्हाला कंटाळा येईल."

"चौथीपर्यंत आकडे शिकले ते काय खुंटीला टांगायला?"

झालं, माझं ऑफिस सुरू झालं. एक रजिस्टर आणलं. सात रकाने पाडले. अश्विनी एक फाइल उघडायची, मी मोठ्यानं वाचायची, बरोबर असला की टिक. पुढं पुढं नंबर टाकायलाच मी शिकले. दोन वर्षांत एकही जागा सुटली नाही. एकही! मिलीतले फोन बंद झाले.

आता हसू नका, पण एक गोष्ट सांगते. गावाकडं माझं सगळं होतं. गोठा माझा, कोठी माझी, कुणाला किती घालायचं आणि कुणाला दारातूनच लावायचं ते मी ठरवायची. इथं शहरात आले तर गॅस सुनेच्या नावावर, दुधवाला सुनेला विचारणार, पेपरवाला सुनेला. मी आपली बसून. तो नंबर तेवढा माझा होता. तो माझ्या हातून गेला असता तर मी ह्या घरात कोण होते? पाहुणी!

आणि एका दुपारी रुबीना म्हणते कशी, "काकू, खुशखबर! आता तुम्हाला तकलीफ न्हाई. मी एक बटण बनवलंय."

"कसलं बटण?"

"एकच फाइल ठेवली. तिच्यात नंबर एकदाच टाकायचा. बटण दाबलं की आपोआप सातही जागी जातो, आन् नवी प्रत सगळ्या मिलींना निघून जाते. टिक न्हाई, रजिस्टर न्हाई, काही न्हाई."

काही न्हाई म्हणे! मी तिच्याकडं बघतच राहिले.

"आणि मी काय करायचं गं?"

"आराम करा की काकू."

आराम! मला आजारी पाडून ठेवलं की ह्या पोरीनं! दोन दिवस मी समोरच्या खोलीत पाय ठेवला नाही. चहा करून उंबऱ्यावर ठेवायची आणि कप आपटायची. तिसऱ्या दिवशी अश्विनी आत आली, ओट्याजवळ उभी राहिली.

"आई, बटण राहील. त्यात माणसाची चूक होत नाही. पण त्या एका फाइलीत नंबर कुणीतरी टाकायला लागणारच. तो तुम्ही टाका. बटणही तुम्हीच दाबा."

"दुसरं कुणी टाकणार न्हाई?"

"नाही."

"रुबीना बी न्हाई?"

"रुबीनासुद्धा नाही. आणि नंबराखाली एक ओळ मराठीत लिहायची, ह्या वेळी काय सुधारलं ती. तीही तुम्हीच."

मग मी कप आपटायचं थांबवलं. त्या ओळीसाठी रुबीनानं कळांवर मराठी अक्षरं चिकटवून दिली. चार महिने मी नंबर टाकला. चार टिंब बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. बटण दाबलं, सात जागा भरल्या. पण बटणावर माझा डोळा होता. जे काम सात वेळा बघून करायचं ते एकदाच, न बघता? आज ना उद्या हे नडणार, असं मी म्हणत राहिले आणि ह्या दोघी हसत राहिल्या.

तुरीचा सीझन सुरू झाला. अश्विनीनं सगळं काम मुळापासून नवं केलं होतं. त्या दिवशी तिला पहिल्या बसनं नांदेडला जायचं होतं, तिथं एक नवी मिल जोडायची होती. चपला घालता घालता मला म्हणाली, "आई, चाराची मालिका संपली. आता पाच सुरू. पाच टिंब, आणि पुढं पाचातला पहिला. नऊला टाका, मिली साडेनऊला उघडतात."

"तू जा, मी बघते."

नवी सुरुवात होती, म्हणून मी अंघोळ करून, कंप्युटरला हळदकुंकू वाहून बसले. अगदी शांतपणे, एकेक कळ बघून नंबर टाकला. दोनदा वाचला. खाली ओळ लिहिली, 'सगळे नवीन केले.' बटण दाबलं. सात जागा भरल्या. हात जोडले आणि भाजी निवडायला बसले.

पावणेदहाला पहिला फोन.

"बाई, कंप्युटर म्हणतंय, नवी प्रत आली, थांबा."

"मग थांबा की!"

"थांबलो. बंद होऊन परत उठलं. एक गाडी घेतली. आता परत म्हणतंय, नवी प्रत आली, थांबा."

"परत थांबा. औंदा काम मोठं हाय, दोन दमात येत असंल."

फोन ठेवला तर दुसरा. दुसरा ठेवला तर तिसरा. सगळ्यांचं एकच रडगाणं. एक पावती निघते, कंप्युटर नवी प्रत आली म्हणतो, बंद पडतो, परत उठतो, परत तेच. मी काय करणार? मी सगळ्यांना एकच औषध दिलं, बंद करून चालू करा. अकराच्या अकरा मिलींनी बंद करून चालू केलं. मग तर एक पावतीसुद्धा निघंना!

तेवढ्यात मोठ्या मिलीच्या शिवराजअप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे त्या मिलीचे मुनीम, उदगीरकडचे, साठीला आलेले, धोतर-टोपीतले. आवाज कधी चढवत नाहीत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटते.

"गयाबाई, गेटापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर लागलेत. शेतकरी वरडायलेत."

"बंद करून चालू करा अप्पा."

"चारदा केलं. आन् हे पावतीच्या तळाला काय छापायलंय? पाच, टिंब, आन् पुढं तीन रिकामे डबे."

"डबे?"

"चौकोन हो. तीन चौकोन."

"नवीन डिझाइन असंल," मी म्हणाले.

हसा! आता हसा. तेव्हा मी अगदी मनापासून म्हणाले होते.

साडेदहाला रुबीना आली. तिची पर्स खांद्यावरून उतरायच्या आत मी सुरू झाले.

"बघ, बघ तुझ्या बटणानं काय करून ठेवलं! मी म्हणत होते का न्हाई? सात जागी हातानं लिवलं असतं तर हे झालं असतं का?"

ती खुर्चीत बसली, कंप्युटरवर एक फाइल उघडली, बघितली आणि पटकन मिटवली. मग माझ्याकडं वळली.

"काकू, नंबर तुम्हीच टाकला ना?"

"मग काय शेजारणीनं टाकला? सांगितला तसा टाकला. दोनदा वाचून टाकला!"

"बरं."

एवढंच! बरं! खरं बोलायला जीभ उचलत नव्हती तिची, असं मला वाटलं. चोराच्या तोंडाला कुलूप लागतं ना, तसं.

तिनं इथलं काहीतरी चुटकीसरशी नीट केलं म्हणाली, पण मिलींतल्या कंप्युटरमध्ये जे जाऊन बसलं होतं ते इथून निघंना. एकेका मिलीला फोन लावायचा, तिथल्या माणसाकडून एकेक कळ दाबून घ्यायची, असं काम. दिवसभर ती फोनवर. "हो दादा, आमच्याकडून चूक झाली." "माफ करा काका, चूक आमच्याकडूनच झाली." मी दाराआडून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, कबूल झाली बघा! अकरा ठिकाणी कबूल झाली!

त्या दिवशी मी तिला चहा दिला नाही. जेवायलाही बोलावलं नाही. तिचा डबा तसाच पिशवीत राहिला, तेही मी बघितलं. बघून गप्प बसले. हे सांगायला जड जातंय, पण झालं ते झालं.

मध्ये अश्विनीचा नांदेडहून फोन आला. रुबीना हळू आवाजात तिच्याशी बोलली आणि बोलता बोलता माझ्याकडं पाठ केली. मला संशय यायला आणखी काय पाहिजे?

चार वाजेपर्यंत दहा मिली सुरू झाल्या. अकरावी अप्पांची. तिथले दोन्ही काटे अडकले होते, फोनवर उलगडंना. शेवटी अप्पा स्वतः रिक्षा करून आमच्या दारात. काखेत एक लांब वही. त्यांच्या मागोमाग अश्विनी, बसस्टँडवरून सरळ, चेहरा धुळीनं माखलेला. दोघी पोरींनी मिळून अर्ध्या तासात अप्पांच्या माणसाला फोनवरून सांगत त्यांचे काटे सुरू केले. अप्पांनी मिलीत फोन करून खात्री केली. मग खुर्चीत नीट बसले आणि वही उघडली.

"ही बंदची वही," अप्पा म्हणाले. "काटा बंद पडला की हिच्यात लिवावं लागतं. किती वेळ बंद, कारण काय, चूक कुणाची. शेठ दर शनवारी बघतेत."

"आन् बघून?" मी विचारलं.

"ज्याचं नाव चुकीच्या रकान्यात आलं, त्याचा हात परत त्या कामाला लागायचा न्हाई. शेठचा कायदा हाय. वायरमन असो का इंजिनेर. त्याला त्या कामावरून काढलं, असं तुम्हाला शेठला कळवावं लागतंय. न्हाई तर शेठ उद्यापासून हे सगळंच बंद करून हाताच्या पावत्या सुरू करणार."

"लई चांगला कायदा हाय!" मी म्हणाले. "असाच पाहिजे. लिवा नाव."

अप्पांनी पेनचं टोपण काढलं आणि रुबीनाकडं बघितलं.

"लिवा की अप्पा! सकाळपासून अकरा जणांना हिनं स्वतः सांगितलंय, चूक झाली म्हणून. मी काय बहिरी हाय?"

रुबीनानं खाली बघितलं. "लिहा अप्पा. माझं नाव लिहा."

"रुबीना!" अश्विनी एकदम म्हणाली.

"लिहू दे गं."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! चार महिन्यांची वाफ निघाली. मी पदर खोचला आणि उभी राहिले.

"आता बटण बंद. उद्यापासून परत रजिस्टर, परत सात रकाने. नंबर माझ्याकडं. आन् हिनं नंबराच्या वाऱ्याला उभं ऱ्हायचं न्हाई!"

अप्पांनी लिहायला सुरुवात केली. रु, बी. मग थांबले.

"कारण काय लिवू?"

"बटण," मी म्हणाले.

"बटण म्हणून शेठ ऐकणार न्हाईत. बटणानं काय केलं ते लिवावं लागंल. पोरी, काय चुकलं होतं ते दाखव मला."

"राहू द्या अप्पा," रुबीना म्हणाली. "कारण लिहा, तांत्रिक."

"तांत्रिक म्हणल्यावर शेठ मलाच फाडून खातेत."

"दाखव की!" मी ओरडले. "आता का लपवून राहिलीस? सकाळी फाइल उघडलीस आन् मिटवलीस, मी बघितलंय. मी बी बघते काय दडवलंय तिथं!"

तिनं अश्विनीकडं बघितलं. अश्विनीनं डोळे मिटले. रुबीनानं एक कळ दाबली, सकाळची जुनी फाइल पडद्यावर आली. अप्पांनी चष्मा लावला, पुढं वाकले आणि बोट ठेवून वाचलं.

"पाच. टिंब. लाभ."

मी वाट बघत राहिले. पुढं काहीच नव्हतं.

"मग?" मी म्हणाले. "बरोबर हाय की! हेच टाकलं मी. ह्याच्यात चूक कुठाय?"

"आई," अश्विनी हळू म्हणाली, "पाच टिंब एक टाकायचा होता."

"पहिल्याला एक कोण म्हणतंय गं? पाचातला पहिला म्हणालीस तू. नवी रास सुरू करायची आन् पहिल्यालाच एक म्हणायचं? आमचे बाबा खळ्यावर माप घालायचे. पहिलं माप पडलं की लाभ, मग दोन, मग तीन. पन्नास वर्षं ऐकलंय मी. पहिल्या मापाला एक म्हणलं की रास वाढत न्हाई. तुमचं काम वाढावं म्हणून मी लाभ लिवलं, तर मीच खोटी?"

अप्पा सरळ झाले. टोपी नीट केली.

"बाईचं बरोबर हाय," ते म्हणाले. "मी बी जलमभर पहिल्याला एक म्हणलं न्हाई. आमच्या मिलीत अजून हमाल पहिल्या पोत्याला लाभच म्हणतेत."

"ऐका!" मी दोघींना म्हणाले. "मुनीम माणूस बोलतोय!"

रुबीना हसली नाही. रागावलीही नाही. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि लहान पोराला सांगावं तसं सांगायला लागली.

"काकू, माणसाला कळतं. यंत्राला कळत न्हाई. मिलीतला कंप्युटर दर पावतीनंतर इकडं बघतो, मोठा नंबर आलाय का म्हणून. एक आकडा दुसऱ्या आकड्यापेक्षा मोठा का छोटा, एवढंच कळतं त्याला. लाभ मोठा का छोटा, ते त्याला कसं कळणार? कळंना म्हणून तो दर वेळी समजायचा, नवीनच आलंय. उतरवून घ्यायचा, बंद पडून उठायचा, परत बघायचा. आन् पावतीच्या छपाईला मराठी अक्षरं येत न्हाईत, म्हणून ल, काना आन् भ यांचे तीन डबे."

"आन् तुझं बटण? त्यानं बघितलं का न्हाई मी काय टाकलं ते?"

"न्हाई बघितलं. तुम्ही टाकलं तेच त्यानं सातही जागी लिहिलं. एक बी जागा सोडली न्हाई."

एक बी जागा सोडली नाही. तेवढ्यासाठी तर मला दोन वर्षं खुर्ची दिली होती!

मी खाली बसले. खुर्ची कुठं आहे न बघताच बसले. सकाळपासूनचं सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. हळदकुंकू. नवीन डिझाइन असंल. बंद करून चालू करा. आणि ही पोरगी, सकाळी साडेदहालाच तिला सगळं कळलं होतं. साडेदहाला! तेव्हापासून ती अकरा मिलींना 'आमच्याकडून' म्हणत होती. 'काकूंकडून' म्हणाली नाही. आणि मी तिला कपभर चहासुद्धा दिला नव्हता.

"अप्पा, माझं नाव लिहा," अश्विनी म्हणाली. "पहिला म्हणजे एक, हे मी सांगायला पाहिजे होतं. आणि आकडा सोडून दुसरं काही घ्यायचं नाही, हे बटणाला शिकवणं माझं काम होतं."

"बटण मी बनवलंय," रुबीना म्हणाली. "माझंच राहू द्या. अर्धं लिहून बी झालंय."

"तुमचं ठरू द्या आधी," अप्पा म्हणाले. "मी एकच नाव लिवणार."

नाव ठरवायचं तर कंप्युटरलाच विचारा, असं त्या दोघींतली कुणी म्हणाली नाही. का, ते मला नंतर कळलं. कोणती ओळ कुणी टाकली, किती वाजता टाकली, सगळं त्यात आपोआप लिहिलेलं असतं म्हणे. पडद्यावरची खिडकी रुबीनानं मुद्दाम अर्धीच उघडली होती. माझं नाव उजवीकडं झाकलेलं होतं.

"खोडा ते," मी म्हणाले.

"काय?" अप्पा.

"ते रु आन् बी. खोडा. आन् अश्विनीचं लिवू नका."

"आई, ऐका," अश्विनी माझ्याजवळ आली. "शेठचा कायदा ऐकलात ना तुम्ही? परत हात लागायचा नाही म्हणतात. नंबर जाईल तुमचा."

"ऐकलाय. मीच लई चांगला म्हणलं त्याला."

"काकू, जाऊ द्या की," रुबीना म्हणाली. "मी सांभाळून घेते. शेठ मला विसरून जातील."

"तू गप बस. सकाळपासून लई सांभाळलंस. आत जा, डबा खा तुझा, मी चहा टाकते. पण आधी हे होऊ दे."

अप्पांनी 'रुबी'वर दोन आडव्या रेघा मारल्या. पेन वर धरून माझ्याकडं बघत बसले.

"गयाबाई, मी असं करतो. चुकीच्या रकान्यात 'यंत्र' लिवतो. शेठला मी समजावून सांगतो."

"यंत्रानं काय पाप केलं? त्याला जे दिलं ते त्यानं लिवलं. कारणाच्या रकान्यात लिवा, यंत्राला लाभ कळत न्हाई."

अप्पांनी लिहिलं. खरंच लिहिलं, अगदी वळणदार अक्षरात.

"आन् चुकीच्या रकान्यात?"

"बाईला यंत्र कळत न्हाई."

"आन् नाव?"

अश्विनीनं माझा हात धरला होता. तो मी सोडवला. वही माझ्याकडं ओढली, अप्पांच्या हातातलं पेन घेतलं. दोन वर्षं त्या खोलीत मी आकडे लिहिले होते, पेनानं अक्षरं कधी लिहिली नव्हती. पण चौथीत शिकवलं होतं तसं, रेघेच्या वर न जाता, खाली न येता, अख्खं लिहिलं:

गयाबाई ज्ञानोबा सोळंके.